इस्त्री केलेला आवाज

त्या दिवशी ताई घरून निघाली ती स्वतःच्या नाकाचे बारा फोटो घेऊन. समोरून, डावीकडून, उजवीकडून, मान वर करून, मान खाली घालून. ऑपरेशनच्या आधीचे सहा आणि नंतरचे सहा. ते तिनं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावले, वर रिपोर्ट ठेवले, दाराला कुलूप घातलं आणि खाली धाकट्या भावाच्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली. दुपारचे चार वाजत आले होते. आभाळ दाटलेलं होतं, पण कुणी त्याची काळजी करावी असं नव्हतं.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना काळोखी रात्र लागते, ओसाड बंगला लागतो. लागू दे बापडे. मला विचाराल तर ट्यूबलाइटच्या उजेडात, हातात टोकन धरून बसलेल्या माणसाला जे ऐकू येतं त्याची सर कशालाच नाही. पण आधी ताई कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

ताई आवाजाचं माणूस. तुम्ही तिला पाहिलं नसेल, पण ऐकलंय नक्की. बँकेत फोन केलात आणि ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणून जिनं तुम्हाला वीस मिनिटं ताटकळत ठेवलं, जिला तुम्ही मनातल्या मनात चार शिव्या घातल्या, ती ताई. लिफ्टमध्ये ‘दार बंद होत आहे’ म्हणणारी तीच. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात टोकनचे नंबर पुकारणारी बाईसुद्धा तीच.

हॉस्पिटलचं काम नऊ वर्षांपूर्वीचं. एक ते शंभर आकडे तिला सुटे सुटे वाचायला लावले होते, मग ‘टोकन’, मग ‘क्रमांक’, मग ‘खोली’, मग ‘कृपया थांबा’. मशीन हे तुकडे पाहिजे तसे जोडून घेतं. ‘एकोणसाठ’ला तिला असं काही हसू सुटलं होतं की अर्धा तास काम बंद. स्टुडिओतले रेकॉर्डिस्ट, ज्यांना सगळे काका म्हणत, ते काचेपलीकडून एकच गोष्ट सांगायचे. “ताई, माया नको, राग नको. इस्त्री केलेला आवाज द्या.” आणि तिच्या शब्दांमधले श्वास ते नंतर एकेक करून कापून टाकायचे. नंबर पुकारणारीला श्वास नसतो, म्हणायचे.

आता नाकाचं. लहानपणी झोपाळ्यावरून पडून मोडलेलं. मधे उंचवटा, शेंडा डावीकडे. काचेआड बसणाऱ्या बाईच्या नाकाला कोण विचारतो? चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही. मग स्टुडिओनं व्हिडिओ काढायला सुरुवात केली. मालक म्हणाले, “आता तुमचा चेहराही दाखवू,” आणि म्हणता म्हणता तिच्या नाकाकडे बघून जरासे थांबले. तेवढं थांबणं ताईला पुरलं.

नाक झालं. चाफेकळी म्हणतात तसलं. फोटोत तर दृष्ट लागावी असं. फक्त त्यातून श्वास जाईना. जरा जोरात हवा ओढली की उजवी नाकपुडी आत चिकटून बंद व्हायची. आवाज तर पार बसला. कायमची सर्दी झाल्यासारखा. ‘म’चा ‘ब’ आणि ‘न’चा ‘द’. ‘नमस्कार’ म्हणायला जावं तर ‘दबस्कार’. भाचरं आठवडाभर हसली, मग आत्याचं तोंड बघून त्यांचंही हसू गेलं. रात्री ती तोंड उघडं टाकून झोपायची आणि सकाळी घशाला कोरड घेऊन उठायची.

आणि नेमकं ह्याच वेळी ते काम आलं. अंध मुलांसाठी बारा गोष्टींची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची होती. हे काम ताईनं अठरा वर्षं मनातल्या मनात मागितलं होतं, कारण गोष्टीत माया चालते, राग चालतो, मनमुराद श्वास घेतलेला चालतो. काकांनी दोनदा तिला माइकसमोर बसवून पाहिलं. दुसऱ्यांदा त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “महिनाअखेरपर्यंत थांबतो मी तुमच्यासाठी. पुढे माझ्या हातात नाही.”

म्हणून ही धावाधाव. ज्या डॉक्टरांनी नाक केलं, त्यांना घरात सगळे ‘घाईचे डॉक्टर’ म्हणत. त्यांनी फोनवरच सांगून टाकलं होतं, “सोमवारी करून टाकू. अर्ध्या तासाचं काम. आज येऊन सही करून जा.”

व्हॅन चालवता चालवता भाऊ म्हणाला, “एकदा हात पोळलाय ना, ताई. दुसऱ्या कुणाला तरी दाखव आधी.”

“वेळ कुठाय? बहिदा संपत आला,” ताई म्हणाली. ती तसंच बोलायची तेव्हा, पण दर वेळी तसं म्हणून दाखवून मी तिची थट्टा करणार नाही. तुम्ही समजून घ्या.

“तू ‘जेवायला ये’ म्हणतेस ते मला नीट ऐकू येतं. आम्हाला तेवढं पुरे आहे.”

“मला पुरत नाही ना रे,” ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. भावानं तिला हॉस्पिटलच्या दाराशी सोडलं, तासाभरात येतो म्हणाला आणि उरलेली खोकी पोचवायला गेला.

तिसरा मजला. नाक, कान, घसा आणि प्लास्टिक सर्जरी, सगळे एकाच लांबट हॉलमध्ये. स्टीलच्या खुर्च्या, नुकती पुसलेली ओली फरशी, स्पिरिटचा वास. तो वास ताईला येत नव्हता. तिला फक्त डोळ्यांत चुरचुरलेलं कळलं. एक ट्यूब सारखी गुणगुणत होती. काउंटरवरच्या बाईंनी तिला टोकन दिलं. त्रेसष्ट, खोली सात.

तिच्या शेजारी कानाला भलंमोठं बँडेज बांधलेले एक आजोबा बसले होते. त्यांची सून औषधं आणायला खाली गेली होती आणि ती परत येईपर्यंत हलायचं नाही असा हुकूम होता. तो हुकूम ते मनापासून पाळत होते.

मग दारावरच्या स्पीकरमधून आवाज आला. “टोकन क्रमांक. साठ. खोली क्रमांक. सात.”

ताईनं मान वर करून स्पीकरच्या जाळीकडे बघितलं. हे काम आपलंच आहे हे तिला माहीत होतं, तरी ऑपरेशननंतर ती तो आवाज ऐकत होती ती आज पहिल्यांदा. आपलं गेलेलं माणूस भर रस्त्यात समोरून यावं, तसं झालं तिला. केवढा मोकळा आवाज. ‘क्रमांक’मधला तो ‘म’ कसा भरून यायचा. ती ओठ मिटून बसली आणि डोळे पुसताना दिसू नये म्हणून तिनं फोल्डर वर धरला.

एकसष्ट गेला. बासष्ट गेला. दोघंही खोली सातमध्ये. हॉल रिकामा होत चालला होता.

“टोकन क्रमांक. त्रेसष्ट. खोली क्रमांक. चार.”

ताई उठून काउंटरवर गेली. “माझी खोली सात आहे ना?”

बाईंनी स्क्रीन बघितली. “सातच. आणि तुमचा नंबर अजून लावलाच नाही मी.”

“आत्ता पुकारला. खोली चार म्हणाली.”

“चार?” बाई हसल्या. “चार नंबर मशीनमध्ये नाहीच. तिथल्या डॉक्टरबाईंना टोकन आवडत नाही. त्या दार उघडून स्वतः हाक मारतात. बसा तुम्ही.”

ताई बसली. माणसाचं मन अशा वेळी स्वतःची समजूत काढण्यात फार हुशार. जुनं मशीन, जुनी वायर, चुकलं असेल. एवढ्यात पुन्हा आलं.

“त्रेसष्ट. खोली. चार.”

“अहो,” आजोबा चांगल्या कानाकडून वळले, “तुम्हालाच बोलावतेय की ती. किती वेळा बोलवावं माणसानं?”

“तुम्हालाही ऐकू आलं?”

“मी बहिरा नाही. एका कानाचं ऑपरेशन झालंय फक्त,” आजोबा जरा दुखावले. मग म्हणाले, “पण ही बाई आज दमलेली दिसते. धाप लागलीय तिला.”

ताईनं कान दिला. ट्यूब गुणगुणत होती. काउंटरवरच्या बाई कागद लावत होत्या. आणि स्पीकरच्या जाळीमागे… शब्द नव्हते तेव्हाही… कुणीतरी श्वास घेत होतं. हळू. नाकातून. जे श्वास काकांनी नऊ वर्षांपूर्वी एकेक करून कापून टाकले होते, ते सगळे कुठेतरी साठून राहिले असावेत असं तिला वाटलं.

“कृपया… थांबा,” आवाज म्हणाला.

आता ऐका. हे दोन शब्द ताईनं त्या कामात एकदाच वाचले होते, एकाच सुरात, कडक इस्त्रीचे. तिनं जे ऐकलं त्यात इस्त्री नव्हती. त्यात काकुळती होती.

“त्रेसष्ट, चला,” खोली सातच्या दारातून सिस्टरनं हाक मारली.

ताई उठली. का उठली म्हणाल, तर महिना संपत आला होता म्हणून. भीती मोठी असते, पण गरज तिच्याहून मोठी. ती सातमध्ये गेली. आत गार होतं. घाईचे डॉक्टर उभ्याउभ्याच बोलत होते. त्यांनी तिची हनुवटी धरून डोकं इकडे वळवलं, तिकडे वळवलं, फोटो बघितलेच नाहीत. “काही नाही, थोडं आतून कापून जागा करू. सोमवारी सकाळी सातला या. सिस्टर, फॉर्म.”

फॉर्म पुढे आला. पेन आलं. ताईनं फोल्डर टेबलावर ठेवला आणि पेन हातात घेतलं. डॉक्टरांच्या डोक्यावरच्या भिंतीत एक लहान स्पीकर होता.

“थांबा,” तो म्हणाला.

डॉक्टर वैतागले. “सिस्टर, ही खरखर बंद करा म्हणून किती वेळा सांगायचं?”

त्यांना नुसती खरखर ऐकू येत होती. ताईनं पेन टेकवलं.

“थांब… नको…”

पेन तिथंच राहिलं. ‘नको’ हा शब्द तिनं कधी वाचला नव्हता. आकडे होते, खोली होती, कृपया होतं. नको नव्हतं. बाहेरच्या ट्यूबची गुणगुण बंद झाल्यासारखी झाली. आणि मग अगदी जवळून, कानात सांगावं तसं, तिचाच तो मोकळा, भरलेला आवाज म्हणाला, “ताई… नको ना गं…”

ताईनं फॉर्म टेबलावर ठेवला, फोल्डर उचलला आणि बाहेर आली. मागून डॉक्टर काहीतरी म्हणाले. तिला कळलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. हॉलमध्ये आजोबा तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, “चार तिकडे आहे,” आणि बोटानं कोपरा दाखवला.

खोली चारचं दार अर्धवट उघडं होतं. आत जाड चष्म्याच्या एक वयस्क डॉक्टरबाई चहात बिस्किट बुडवत होत्या. दिवस संपल्याचं त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं. तरी त्यांनी कप बाजूला सरकवला. “या. कुणी पाठवलं?”

“बाहेर… नंबर पुकारला.”

“माझ्याकडे नंबर नसतात,” बाई म्हणाल्या. “पण आलाच आहात, तर बसा.”

त्यांनी बाराच्या बारा फोटो टेबलावर मांडून बघितले. मग दिव्याखाली बराच वेळ नाकात बघितलं. शेवटी त्यांनी एक बोट ताईच्या उजव्या गालावर ठेवलं आणि गाल कानाकडे जरासा ओढला. “आता श्वास घ्या.”

हवा आत गेली. सहा महिन्यांनी पहिल्यांदा उजव्या बाजूनं गार हवा सरळ आत गेली, आणि तिच्याबरोबर स्पिरिटचा वास, चहाचा वास, ओल्या फरशीचा वास. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“बोला काहीतरी. ‘म’ म्हणा.”

“म,” ताई म्हणाली. ‘म’च आला. जरा कापरा, पण ‘म’.

“रडू नका, मला दिसत नाही,” बाई म्हणाल्या, पण त्यांनी बोट काढलं नाही. “नाकाला आतून आधार उरलेला नाही. आधी काढलं जास्त आणि ठेवलं कमी. आत्ता कुणी पुन्हा कापलं तर ते बसेल, मग मलाही उचलता येणार नाही. जखम आतून अजून कच्ची आहे. वर्ष पुरं होऊ दे. मग तुमच्या कानातली थोडी कूर्चा, म्हणजे मऊ हाड, घेऊन आधार देऊ. तोपर्यंत थांबायचं.”

“सगळं ठीक होईल?”

“खोटं नाही सांगणार. आशा आहे. चांगली आशा आहे.” त्यांनी हात धुतले. “आधी कुणी तुम्हाला थांबायला सांगितलं नाही?”

“आत्ताच सांगितलं,” ताई म्हणाली.

भाऊ आला तेव्हा ती पायऱ्यांवर बसली होती. तिनं त्याला नाकाचं सगळं सांगितलं, आवाजाचं काही सांगितलं नाही. भावानं तिच्या डोक्यावर टपली मारली. “दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून प्यावं म्हणतात. तू निदान ताकाचा पेला खाली ठेवलास.”

सहा महिने थांबणं म्हणजे काय ते थांबणाऱ्यालाच ठाऊक. महिना संपला. पुस्तकं दुसऱ्या एका बाईंकडे गेली. त्या दिवशी ताई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मनसोक्त रडली. तिला राग आला होता. मालकांचा, घाईच्या डॉक्टरांचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. पण ऑपरेशनच्या त्या सोमवारी सकाळी सातला ती गेली नव्हती. रोज रात्री आरशासमोर उभी राहून गाल कानाकडे ओढायची, एकदा ‘म’ म्हणायची आणि झोपायची.

मग वर्ष भरलं. एका बुधवारी सकाळी साडेदहाला चष्म्याच्या डॉक्टरबाईंनी तिला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं. पुढच्या बुधवारी खोली चारमध्ये नाकावरची पट्टी निघाली. भाऊ गाडी लावून वर आला होता आणि भिंतीला पाठ लावून उभा होता. शेंडा जरा जाड राहिला होता. फोटोत आता दृष्ट लागण्यासारखं काही नव्हतं. छान साधं नाक होतं.

“श्वास घ्या,” बाई म्हणाल्या.

घेतला. दोन्हीकडून.

“आता बोला.”

“काय म्हणू?” ताई म्हणाली, आणि थबकली, कारण तो ‘म’ खोलीभर पसरला. “नमस्कार म्हणू?”

भावानं तोंड भिंतीकडे केलं. त्याचे खांदे हलत होते. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला, तो आधीच स्वच्छ होता. ताईनं मग काकांना फोन लावला. काकांनी तिच्याकडून ‘नमस्कार’ पुन्हा एकदा म्हणवून घेतला. मग म्हणाले, “बारापैकी चार पुस्तकं अजून पडून आहेत. का राहिली विचारू नका, आळस केला मी. सोमवारी या. आणि हे बघा, श्वास कापणार नाही.”

हसत, डोळे पुसत दोघं बाहेर आली. भाऊ गाडी काढायला खाली गेला. ताई काउंटरवर कागद द्यायला थांबली. हॉल भरलेला होता.

“टोकद… क्रबांक… पंचेचाळीस,” स्पीकर म्हणाला. “खोली… क्रबांक… तीद.”

लोक हसले. ताई हसली नाही.

“मशीनला सर्दी झालीय,” काउंटरवरच्या बाई सांगायला लागल्या. “कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. म्हणतो, फाइल तीच आहे, नऊ-दहा वर्षांपूर्वीची, कुणी हातसुद्धा लावलेला नाही. गेल्या बुधवारी सकाळी उघडलं तेव्हा चांगली बोलत होती हो. साडेदहाच्या सुमारास मधेच असं झालं.”

एक आजीबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या आणि काय करावं हे न कळून इकडेतिकडे बघत होत्या. “बाळा, काय म्हणाली ती? मला काही कळलं नाही.”

“पंचेचाळीस, आजी,” ताई म्हणाली. “खोली तीन. उजवीकडे वळा.”

सगळा हॉल तिच्याकडे वळून बघायला लागला. असा स्वच्छ आवाज त्यांनी कुठेतरी ऐकला होता. ताई स्पीकरच्या खाली जाऊन उभी राहिली. वरून जे तुटकं, चोंदलेलं येईल, ते ती खाली नीट करून सांगत राहिली. सेहेचाळीस. सत्तेचाळीस. भाऊ दोनदा वर येऊन बघून गेला. ती शेवटच्या टोकनपर्यंत तिथंच होती.

हॉल रिकामा झाला. काउंटरवरच्या बाईंनी पर्स उचलली, मशीनचं बटण बंद केलं, सवयीनं प्लगही काढून ठेवला आणि ताईला म्हणाल्या, “चला, झालं आजचं.”

“तुम्ही व्हा पुढे,” ताई म्हणाली.

ती मान वर करून जाळीकडे बघत राहिली. तिथं कुणीतरी श्वास घेत होतं. नाकातून नव्हे. नाक चोंदलेलं माणूस झोपेत घेतं तसा, तोंड उघडं टाकून, घशाला कोरड पडेल असा.